मुलांच्या हातून होणारा हॅलोविनचा खाऊ : ओव्हनशिवाय काय काय करता येईल?

उंबरठा | २५ ऑक्टोबर २०२५

दिवाळी संपली, किल्ल्यावरचे मावळे खोक्यात परत गेले आणि शाळा उघडायला अजून अवकाश आहे. अशा रिकाम्या आठवड्यात आमच्या बाणेरच्या सोसायटीतल्या मुलांनी येत्या शुक्रवारी, ३१ तारखेला, हॅलोविन करायचे ठरवले आहे. गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आल्यामुळे हा विषय आपोआप मिटला होता. यंदा तशी सबब उरलेली नाही. पोशाखांचे मुले आपापल्या घरी पाहणार आहेत. खाऊ मात्र आमच्याकडे करायचा आहे आणि तो मुलांनीच करायचा, अशी माझी अट आहे. मुले बारा आहेत, वये चार ते दहा, हाताशी वेळ दोन तासांचा. आमच्याकडे ओव्हन नाही, आणि असता तरी बारा मुलांच्या घोळक्यात मी तो लावला नसता.

इंटरनेटवर शोधले तर मार्शमेलो, कँडी कॉर्न आणि प्रेट्झेल यांच्यावाचून कोणाचे पान हलत नाही असे दिसते. शिवाय बहुतेक कृतींमध्ये सगळे काम आईने करायचे आणि मुलाने शेवटी दोन डोळे चिकटवायचे, असाच प्रकार असतो. मला ते नको आहे. कुटणे, मळणे, वळणे, भरणे अशी खरी कामे मुलांच्या वाट्याला यावीत आणि वस्तू इथल्या वाण्याकडे किंवा मंडईत मिळणाऱ्या असाव्यात.

एक जुना अपयशाचा अनुभवही सांगून ठेवते. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला पांढरे चॉकलेट वितळवून त्यात नारिंगी रंगाचे चार थेंब टाकले आणि क्षणात त्या सगळ्याचा ओल्या वाळूसारखा गोळा झाला. पाव किलो चॉकलेट वाया गेले. नेमके काय चुकले, ते मला अजून कळलेले नाही.

साखरपाणी | २५ ऑक्टोबर २०२५

तुमच्या अटीत चपखल बसणारा पदार्थ म्हणजे बिस्किटांचे कोळी. आमच्याकडे हे दोन-तीनदा झालेले आहेत, म्हणून प्रमाण खात्रीने देते. २०० ग्रॅम मारी बिस्किटे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलांच्या हाती लाटणे द्यावे. हे काम त्यांना इतके आवडते की थांबवावे लागते. चुरा अगदी मैद्यासारखा व्हायची गरज नाही, थोडी भरड राहिली तर गोळ्याला चव येते. त्यात २ मोठे चमचे कोको पावडर मिसळून, साधारण २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यातले अर्धे, थोडे थोडे घालत मळावे. एकदम ओतू नये, कारण बिस्किटे किती शोषतील हे त्या त्या पुड्यावर अवलंबून असते. लाडू वळण्याइतके घट्ट झाले की थांबावे. सुपारीहून थोडे मोठे असे पंचवीसएक गोळे होतात.

आता पायांचे. परदेशी कृतींत इथे प्रेट्झेल तोडून लावतात. आपल्याकडे या आठवड्यात प्रत्येक घरात डब्याच्या तळाशी मोडक्या चकल्या पडलेल्या असतात. चकलीचा तुकडा मुळातच वाकडा असतो, त्यामुळे तो कोळ्याचा पाय म्हणून प्रेट्झेलपेक्षा कितीतरी शोभून दिसतो. गोळा मऊ असतानाच दोन्ही बाजूंना चार-चार तुकडे खोचावेत. गोडाबरोबर ती तिखट-खारट चव फार छान लागते. डोळ्यांसाठी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या चालतात.

निवृत्त_रसायन | २५ ऑक्टोबर २०२५

उंबरठाताई, तुमच्या चॉकलेटचे काय झाले ते सांगतो. चॉकलेट म्हणजे चरबीमध्ये पसरलेले साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाण्याचे चार थेंब गेले की साखर ते ओढून घेते, तिचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा गोळा होतो. बाजारातले द्रवरूप खाद्यरंग बहुतेक पाण्यात केलेले असतात, म्हणून चॉकलेटसाठी तेलात विरघळणारा किंवा भुकटीचा रंग घ्यावा लागतो. ओला चमचा, ओले भांडे किंवा वरच्या पातेल्यात शिरलेली वाफ यांनीही नेमके हेच होते.

गोळा झालेले चॉकलेट मात्र फेकण्याची गरज नसते. थेंबभर पाणी त्याला बिघडवते, पण तीन-चार चमचे गरम दूध घालून नेटाने ढवळले तर ते पुन्हा गुळगुळीत होते. मग त्यात बुडवलेल्या वस्तूवर कडक कवच येत नाही, पण वरच्या बिस्किटांच्या गोळ्यात ते खुशाल मळता येते.

आणखी एक गोष्ट. मुलांबरोबर काम करताना कंपाउंड चॉकलेटच घ्यावे. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. अस्सल चॉकलेट पुन्हा चकचकीत आणि कडक व्हावे म्हणून त्याचे तापमान काटेकोर सांभाळावे लागते. कंपाउंडला ती कटकट नसते. चवीला ते कमी असते, हे मान्य. रविवार पेठेतल्या बेकरी साहित्याच्या दुकानांत त्याच्या लाद्या मिळतात. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या शक्तीवर ३० सेकंद, मग ढवळणे, मग पुन्हा ३० सेकंद, असे वितळवावे. पांढरे कंपाउंड काळ्यापेक्षा लवकर करपते, त्यामुळे तिथे घाई करू नये.

सदाशिवपेठी | २५ ऑक्टोबर २०२५

मूळ प्रश्नाला सोडून लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण पितृपक्ष होऊन सव्वा महिना झाला, तेव्हा या मुलांपैकी किती जणांनी पानातला एक घास कावळ्यासाठी बाहेर ठेवला होता? आपले पितर विसरून दुसऱ्यांची भुते घरी बोलावण्याचे कारण मला समजत नाही.

टेकडीवाला | २५ ऑक्टोबर २०२५

पेठीकाका, आपल्याकडे भुतांचा तुटवडा कधीच नव्हता, हा तुमचा मुद्दा मी आनंदाने मान्य करतो. ज्या शहरात वेताळाच्या नावाची टेकडी आहे आणि लोक रोज सकाळी तिथे आरोग्यासाठी चालायला जातात, तिथे भुताने कोणाचे काय वाकडे होणार? माझी सूचना एवढीच, की खाऊची नावे आपली ठेवावीत. केळ्याचे भूत पिंपळावरचा मुंजा होईल, आणि रसगुल्ल्याचे डोळे हडळीचे. मुलांना एकेका नावामागची गोष्ट सांगता येईल आणि हात चालू असताना तोंडे बंद राहतील.

रसगुल्ल्याचे डोळे म्हणजे काय, तेही सांगतो. डब्यातले रसगुल्ले हलक्या हाताने पिळून पाक काढावा, मधोमध बोटाने खळगा करून त्यात काळा मनुका दाबावा आणि काडीने बिटाच्या रसाच्या बारीक लाल शिरा ओढाव्यात. दहा वर्षांच्या मुलांना हे इतके किळसवाणे आणि म्हणून इतके आवडते, की बाकीच्या पदार्थांकडे ती ढुंकून पाहत नाहीत.

पाळणाघर | २६ ऑक्टोबर २०२५

कर्वे रस्त्याजवळ लहान मुलांचे पाळणाघर गेली अनेक वर्षे चालवते आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

चार वर्षांचे आणि दहा वर्षांचे मूल एकाच टेबलाशी, एकाच कामाला बसवू नये. लहान मूल मागे पडते आणि रडते, मोठे कंटाळून दुसऱ्याच्या ताटात हात घालते. चार-पाच वर्षांच्या मुलांना कुटणे, चुरणे, संत्री सोलणे आणि खोबऱ्याच्या किसात गोळे घोळवणे ही कामे उत्तम जमतात. सहा-सातची मुले गोळे एकसारखे वळतात आणि वाट्या भरतात. बारीक शिरा ओढणे, चॉकलेटात बुडवणे आणि मोजमाप ही कामे आठच्या पुढच्यांना द्यावीत. वजनाचा काटा असेल तर तो एका मोठ्या मुलाच्या ताब्यात द्यावा. सगळ्यात दंगेखोर मुलाची निवड केल्यास लाभ दुप्पट होतो.

घशात अडकण्याच्या भीतीबद्दल मी थोडी कठोर आहे. चार वर्षांच्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या आणि मार्शमेलो देऊ नयेत. द्राक्षे वापरायचीच असतील तर उभी चिरून चार तुकडे करावेत. साखरपाणी यांनी सुचवलेल्या बडीशेपेच्या गोळ्या मोठ्यांच्या कोळ्यांना लावाव्यात, छोट्यांच्या कोळ्यांना मनुक्याचे बारीक तुकडे पुरतात. टूथपिक तर टेबलावर आणूच नये. परदेशी चित्रांमध्ये प्रत्येक गोष्टीला टूथपिक टोचलेली दिसते, आणि मूल ती गोष्ट सरळ तोंडात घालते.

दोन_डबे | २६ ऑक्टोबर २०२५

आमच्या सोसायटीत अर्धी घरे जैन आहेत, म्हणून मला हे प्रश्न दर वर्षी सोडवावे लागतात. बीट आणि गाजर कंदमुळांत येतात, तेव्हा काही मुलांना रसगुल्ल्यावरच्या त्या लाल शिरा चालणार नाहीत. त्याऐवजी डाळिंबाचा रस थोडा आटवून घ्यावा किंवा कोकमाचे आगळ वापरावे. आगळाचा रंग अधिक गडद असतो, पण ते खारट असते, त्यामुळे काडी नुसती टेकवावी.

दुसरी गोष्ट जिलेटिनची. ते जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून काढतात आणि नेहमीच्या मार्शमेलोत तसेच जेलीच्या गोळ्यांत तेच असते. शाकाहारी मार्शमेलो मिळतात, मात्र पाकिटावरची हिरवी खूण स्वतः पाहून घ्यावी. जेली करायची असेल तर चायना ग्रास वापरावे. ते समुद्रातल्या शेवाळापासून होते आणि घरातल्या साध्या तापमानालाच घट्ट बसते, त्यामुळे फ्रिजमध्ये बारा वाट्यांसाठी जागा शोधत बसावे लागत नाही. दहा ग्रॅमची लड अर्धा तास भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत पाण्यात उकळावी आणि मग त्यात रस मिसळून सगळे मिळून पाऊण लिटर करावे. ओव्हन नको म्हणजे गॅसही नको असे होत नाही. हे उकळणे मुले येण्याआधी उरकून ठेवलेले बरे.

आणि सर्वांत आधी, बाराही घरांना विचारून घ्यावे की कोणाला दूध, शेंगदाणे किंवा सुक्या मेव्याचा त्रास आहे का. हे विचारायला कोणाला संकोच वाटू नये.

आजी_कर्वेनगर | २६ ऑक्टोबर २०२५

माझ्या नातवंडांसाठी मी गेल्या आठवड्यात भुतांचे श्रीखंड केले, त्याची हकिकत लिहिते.

अर्धा किलो चक्का आणला. केशर नाही, पिवळा रंग नाही, वेलची अगदी चिमूटभर. श्रीखंडाला एरवी चक्क्याइतकी साखर घालायची माझी पद्धत आहे, पण इथे ३०० ग्रॅम पिठीसाखर घेतली. साखर घातली की चक्क्याला पाणी सुटते आणि तो सैल होतो; सैल श्रीखंडाचे भूत उभे राहत नाही, ते थेट थारोळे होते. म्हणून साखर कमी, वर दोन मोठे चमचे दूध पावडर, आणि तीन तास फ्रिजमध्ये. छोट्या वाट्यांत तळाला चॉकलेटच्या बिस्किटांचा काळा चुरा मातीसारखा पसरला. श्रीखंड स्वच्छ जाड पिशवीत भरून कोपरा कापला आणि नातवंडांनी प्रत्येक वाटीत गोल गोल फिरवत टोकदार भूत उभे केले. डोळ्यांना मनुक्याचे तुकडे. एकाचे भूत बसके झाले, एकाचे लठ्ठ झाले, आणि धाकटीच्या भुताला तीन डोळे होते. तिने ते बदलू दिले नाही.

कडेला श्रुजबेरी बिस्किट अर्धे कापून उभे खोचले की इंग्रजी चित्रातली थडगी होतात. माझ्या सुनेने या वाटीला 'स्मशान' म्हटले, तेव्हा मी तिला थांबवले. अजून दारातला आकाशकंदील उतरलेला नाही. मग आम्ही 'पडका वाडा' असे नाव ठेवले आणि बिस्किटे थडग्यांऐवजी वाड्याच्या भिंती झाली. खाणाऱ्याला काही फरक पडला नाही, मला पडला.

आणि तो कोरायचा भोपळा तुमच्याकडे येणार असेल तर एक सुचवते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी आपली म्हातारी नव्या मुलांना ठाऊकच नाही. सोललेल्या संत्र्याचे छोटे भोपळे करायचे, वर पुदिन्याचे देठ खोचायचे, आणि शेजारी बिस्किटाच्या गोळ्यांचा वाघ नि कोल्हा. नागपूरची संत्री आता यायला लागली आहेत आणि त्यांची साल सैल असते, त्यामुळे चार वर्षांचे मूलही सोलू शकते. यात भुताखेतांचा संबंधच नाही, तेव्हा पेठेतल्या भाऊजींचीही हरकत नसावी.

परतलेली | २६ ऑक्टोबर २०२५

आजी, संत्र्यांची कल्पना फार आवडली. मी काही वर्षे डब्लिनला होते. तिथे जुन्या संग्रहात कोरलेला सलगम पाहिला होता. तो भोपळ्याहून कितीतरी भेसूर दिसतो, सुकून आक्रसलेल्या चेहऱ्यासारखा. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगमच कोरत असत. तिथली माणसे अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठा आणि आतून मऊ असा भोपळा सापडला, आणि सलगम मागे पडला. हॅलोविनचे मूळ सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या साव्हिन नावाच्या जुन्या केल्टिक सणाशी जोडतात. पुढे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची ती पूर्वसंध्या झाली. सांगायचे कारण एवढेच, की ज्याला जे पीक हाताशी मिळाले त्याने ते वापरले. त्या न्यायाने चकलीचे पाय अगदी रीतीला धरून आहेत.

उंबरठा | २७ ऑक्टोबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. आजींचे श्रीखंड, साखरपाणी यांचे कोळी, संत्री आणि डोळे एवढे नक्की केले आहे. बारा घरांना विचारले. एका मुलाला शेंगदाणे चालत नाहीत आणि दोन जैन घरे आहेत, म्हणून डाळिंब घेते आहे. आता दोन शंका उरल्या. पहिली, वेलची केळी पांढऱ्या चॉकलेटात बुडवून मुंजे करायचे आहेत, ते आदल्या रात्री करून ठेवले तर चालतील का? दुसरी, प्यायला काही तरी जादूचे हवे, असा मुलीचा हट्ट आहे.

निवृत्त_रसायन | २७ ऑक्टोबर २०२५

केळी आदल्या रात्री करू नयेत. सोललेले केळे हवा लागताच काळे पडू लागते, आणि कवचाला बारीक भेग असली तरी तिथून पाणी सुटते. मुलांसमोरच करावीत, पण केळी आधी फडक्याने कोरडी टिपून घ्यावीत. कारण तेच, चॉकलेटला पाणी खपत नाही. वेलची केळे अख्खे वापरता येते, हा त्याचा मोठा फायदा. बुडवलेली केळी बटर पेपरवर आडवी ठेवून दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावीत. बाहेर काढल्यावर कवचावर दव धरते आणि ते चिकट होते, म्हणून पाहुणे पानावर बसले की मगच काढावीत.

जादूचे पेय सोपे आहे. कुंपणावर गोकर्णाची निळी वेल कोणाकडे तरी असेलच. देठाकडचा हिरवा भाग काढून दहा-बारा फुले कपभर गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवावीत. पाणी गडद निळे होते. गार झाल्यावर साखर घालून पेल्यांत ओतावे आणि प्रत्येक मुलाच्या हाती लिंबाची फोड द्यावी. लिंबू पिळताच निळ्याचे जांभळे होते. फुलातले रंगद्रव्य आम्ल लागले की रंग बदलते, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. फुले मात्र फवारणी न केलेल्या वेलीचीच घ्यावीत.

उंबरठा | १ नोव्हेंबर २०२५

काल रात्री सगळे पार पडले. जसे झाले तसे लिहिते.

कुटण्यासाठी आणलेली पिशवी पहिल्या पाच मिनिटांत फाटली आणि मारी बिस्किटांचा चुरा सोफ्याखाली गेला. दुसऱ्या पुड्याच्या वेळी पिशवीवर जाड पंचा गुंडाळला, तेव्हा ती टिकली. काटा सर्वांत दंगेखोर मुलाच्या हाती दिला होता. त्याने प्रत्येक गोळा १६ ग्रॅमचा झाल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही आणि एका मुलीशी दोन ग्रॅमवरून भांडण केले. कोळी सव्वीस झाले. चकलीचे पाय मात्र मुलांनी आधीच खाऊन टाकले, त्यामुळे ताटात बराच वेळ बिनपायांचे कोळी पडून होते.

केळ्याचे मुंजे फसले. पहिली चार ठीक झाली, पण पाचव्या वेळी कोणी तरी नुकताच धुतलेला चमचा चॉकलेटात बुडवला आणि जे व्हायचे तेच झाले. या वेळी घाबरले नाही. गरम दूध घालून ढवळले आणि उरलेल्या केळ्यांवर चमच्याने ओतले. ती भुते वितळल्यासारखी दिसत होती, म्हणून मुलांनी त्यांना 'उन्हात गेलेले मुंजे' म्हटले आणि तीच आधी संपली.

श्रीखंडाच्या वाट्यांना कोणी हात लावू देईना. प्रत्येकाला आपले भूत घरी नेऊन दाखवायचे होते. सहा वाट्या लिफ्टमध्ये आडव्या झाल्या, असे आज सकाळी वॉचमनकाकांनी सांगितले. गोकर्णाच्या पेल्यांना तर तीनदा मागणी आली, प्यायला कमी आणि पिळायला जास्त. फुले सकाळी खालच्या काकूंच्या कुंपणावरून आणली होती, त्यांची वेल आता पुरती बोडकी झाली आहे.

एक शंका उरली आहे. पांढरे कंपाउंड अजून पाव किलो आहे आणि लादी उघडलेली आहे. ते किती दिवस टिकते आणि फ्रिजमध्ये ठेवायचे का?

निवृत्त_रसायन | १ नोव्हेंबर २०२५

फ्रिजमध्ये नको. घट्ट गुंडाळून, हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून दूर, कपाटातल्या थंड जागी ठेवावे. चॉकलेटला वास फार लवकर लागतो. माझ्या एका लादीला एकदा गोडा मसाल्याचा लागला होता. पुढे थंडीच आहे, तेव्हा पाकिटावरच्या तारखेपर्यंत काही होणार नाही. वापरताना चमचा कोरडा घ्यावा.

आजी_कर्वेनगर | १ नोव्हेंबर २०२५

खालच्या काकूंना एक वाटी श्रीखंड पोहोचवले का?

उंबरठा | १ नोव्हेंबर २०२५

पोहोचवले, आजी. भिंतीसकट.